रोजच्या लिखाणासाठी पहिलं फाउंटन पेन: काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने

पहिलं फाउंटन पेन घ्यायला निघालेल्या माणसाची नजर आधी रंगावर जाते, मग चकाकीवर, आणि पेन हातात घेतलं की वजनावर. जड आहे म्हणजे मजबूत असणार, असं मनात येतं. रोजच्या लिखाणासाठी हा क्रम पार उलटा आहे. दोन वर्षांनी ते पेन खिशात असेल की ड्रॉवरच्या तळाशी, हे तीन गोष्टींवर ठरतं: निबची जाडी तुमच्या अक्षराला मानवते का, टोपण शाई सुकू देत नाही ना, आणि त्या पेनाला लागणारी शाई व सुटे भाग सहज मिळतात का. रंग त्यानंतर हवा तो घ्या.

आधी स्वतःची वही उघडा

दुकानात किंवा ऑनलाइन यादीत शिरण्यापूर्वी घाईघाईत लिहिलेलं एक जुनं पान काढा. सुवाच्य लिहायचं म्हणून लिहिलेलं नको, फोनवर बोलताना खरडलेलं हवं. शिरोरेषेपासून खालपर्यंत अक्षराची उंची पट्टीने मोजा. ती 3 मिलिमीटरच्या आसपास असेल तर तुम्हाला बारीक निब लागणार. 5 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर मध्यम निबही चालेल.

देवनागरीत हे जास्त महत्त्वाचं आहे. ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ लिहून बघा. या जोडाक्षरांच्या आतल्या पोकळ्या मिलिमीटरभर असतात. जाड निबने त्या भरून जातात आणि ‘द्ध’ म्हणजे शिरोरेषेला लटकलेला शाईचा गोळा दिसायला लागतो. वेलांटीवर रफार आणि त्यावर अनुस्वार अशी गर्दी झाली की तीच गत. इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या शिफारशींमध्ये ‘नवशिक्याने मध्यम निब घ्यावी’ असं हमखास वाचायला मिळतं. त्यात तथ्य आहे, कारण मध्यम निब जास्त गुळगुळीत चालते आणि हात वाकडातिकडा पडला तरी सांभाळून घेते. पण तो सल्ला जोडाक्षरं डोळ्यांसमोर ठेवून दिलेला नसतो. लहान अक्षरात मराठी लिहिणाऱ्याने एक पायरी बारीक जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता या पायऱ्यांबद्दल. निबवर ईएफ, एफ, एम, बी अशी अक्षरं असतात: अतिबारीक, बारीक, मध्यम, रुंद. पण या अक्षरांमागे सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच माप नाही. युरोपीय कंपनीची ‘एफ’ साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून किंचित जाड रेघ काढते, तर जपानी कंपनीची ‘एफ’ त्याहून चांगलीच बारीक असते. ढोबळ हिशेब असा की जपानी ‘एम’ ही युरोपीय ‘एफ’च्या जवळ जाते. प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या प्रेपीसारख्या पेनावर 0.3 किंवा 0.5 असा आकडाच छापलेला असतो, तेवढा गोंधळ कमी. तरीही पातळ वाहणारी शाई आणि शोषणारा कागद मिळून कोणतीही निब एक पायरी जाड करू शकतात, हे गृहीत धरूनच निवडा.

निब: सोन्याचा मोह सध्या नको

लिहिताना कागदाला लागतं ते निबच्या टोकावरचं इवलंसं मणीदार टोपकं. ते कठीण मिश्रधातूचं असतं आणि निबला जोडून घासलेलं, पॉलिश केलेलं असतं. निब स्टीलची असो वा 14 कॅरेट सोन्याची, कागदावर फिरतं ते हेच टोपकं. त्यामुळे ‘सोन्याची निब गुळगुळीत’ हा समज अर्धवट आहे. गुळगुळीतपणा पॉलिशवर असतो. सोन्यामुळे काही निबना थोडी लवचीकता येते आणि शाईने गंज चढत नाही, एवढाच फरक. पहिल्या पेनाला स्टीलची निब पुरेशी आहे. उलट ती थोडी कडक असल्यामुळे बॉलपेनने दाबून लिहायची सवय असलेला हात तिला लगेच वाकवत नाही.

निबच्या खाली जी काळी, खाचाखाचांची प्लॅस्टिकची पट्टी असते, तिला आपण जीभ म्हणतो. खरं काम तिचं. तिच्यातल्या बारीक नळीतून शाई केशाकर्षणाने निबच्या चिरेपर्यंत येते आणि जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा उलट आत शिरते. हा देवाणघेवाणीचा हिशेब बिघडला की पेन एक तर कोरडं पडतं, नाही तर गळतं. लुईस वॉटरमन यांनी 1884 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, ते याच प्रश्नाचं उत्तर होतं. जिभेवरच्या आडव्या खाचा जादा आलेली शाई धरून ठेवतात. पेन विकत घेताना जीभ निबच्या बरोबर मधोमध आणि तिला चिकटून बसलीय का, एवढं बघितलं तरी निम्मी तपासणी झाली.

उरलेली निम्मी भिंगाने करा. दागिने बघायचं दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर उत्तम, नाही तर फोनच्या कॅमेऱ्याचा झूम चालतो. निब समोरून, टोकाकडून बघा. मधल्या चिरेच्या दोन बाजूंच्या पाकळ्या एका उंचीवर हव्यात. एक वर आणि एक खाली असेल तर ते पेन एका दिशेला सुळकन जाईल आणि दुसऱ्या दिशेला कागद ओरबाडेल. मग निब उजेडापुढे धरून चीर बघा. ती टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी. टोकाशी फट जास्त दिसली तर शाईचा प्रवाह तुटतो.

शाई भरून लिहून बघायला मिळालं तर सही करून परत देऊ नका. सही सगळ्याच पेनांनी चांगली येते. पेन कागदाशी साधारण 45 अंशांवर धरा, जोर अजिबात लावू नका, आणि आडवे आठ काढा, म्हणजे निब सगळ्या दिशांना फिरते. मग एक वाक्य लिहा, पेन उचला, दहा सेकंद थांबा, परत लिहा. प्रत्येक शब्दाची पहिली रेघ कोरी जात असेल तर टोपकं जादा गोल घासलं गेलंय आणि चिरेतली शाई कागदापर्यंत पोचत नाही. असं पेन लिहिताना फार मऊ वाटतं, म्हणून फसायला होतं. ते घेऊ नका.

टोपण

स्वस्त पेन वाया जातं ते बहुतेक वेळा निबमुळे नव्हे, टोपणामुळे. टोपणातून हवा झिरपत असेल तर शाईतलं पाणी उडून जातं, मागे रंग घट्ट होतो, आणि दर सोमवारी सकाळी पेन झटकत बसावं लागतं. मग माणूस पुन्हा बॉलपेनाकडे वळतो.

चांगल्या टोपणात आत आणखी एक छोटी टोपी असते, ती निबभोवती घट्ट बसते. बाहेरच्या टोपणाला भोकं दिसली तर लगेच नाकारू नका. लहान मुलाच्या घशात टोपण अडकलं तरी श्वास चालू राहावा म्हणून ती ठेवलेली असतात. आतली टोपी बंदिस्त आहे ना, ते बघा. प्लॅटिनमने तर आतल्या टोपीमागे स्प्रिंग बसवली आहे. ‘स्लिप अँड सील’ नावाची ही रचना त्यांच्या अगदी साध्या प्रेपीतही मिळते, आणि कधीतरीच लिहिणाऱ्याने तिचा जरूर विचार करावा.

घरी आणल्यावर एक परीक्षा घ्या, आणि ती परत करण्याची मुदत संपायच्या आत घ्या. पेन भरा, पानभर लिहा, टोपण लावून आडवं ठेवून द्या. तीन दिवस हात लावू नका. चौथ्या दिवशी न झटकता लिहा. पहिल्या एक-दोन अक्षरांत शाई आली तर टोपण पास.

टोपण खटकन बसणारं की आट्यांचं, हे तुमच्या दिवसावर ठरवा. मीटिंगमध्ये दर पाच मिनिटांनी एक ओळ लिहायची असेल तर आट्यांचं टोपण दोन दिवसांत वैताग आणतं. सलग तासभर लिहिणाऱ्याला मात्र आट्यांचं चांगलं, कारण पिशवीत ते आपोआप उघडत नाही.

टिकाऊपणाही इथेच तपासा. पेनाला पहिली चीर बहुधा टोपणाच्या ओठाला जाते किंवा जिथे पकड (बोटांनी धरायचा भाग) आणि पेनाचा दांडा एकमेकांत फिरवून बसतात त्या आट्यांना. टोपणाच्या काठाला धातूची पट्टी किंवा जाड प्लॅस्टिक असेल तर ते जास्त टिकतं. पातळ, काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक देखणं दिसतं, पण घट्ट पिळलं की तडकतं. उलट लामी या जर्मन कंपनीच्या सफारीसारखं जाड एबीएस प्लॅस्टिकचं पेन जेमतेम 17 ग्रॅमचं असूनही वर्षानुवर्षं मार खातं. पितळी दांड्याच्या पेनाचा दांडा वाकणार नाही हे खरं, पण त्याची पकड आणि आतले आटे बहुधा प्लॅस्टिकचेच असतात. एकूण, वजनावरून मजबुती ठरवू नका.

पकड, आणि एक-दोन सावधगिऱ्या

इथे फार खल करायचं कारण नाही, हातात धरलं की कळतं. सफारी आणि पायलट या जपानी कंपनीचं काकुनो यांच्या पकडीला तीन बाजूंनी बसका आकार आहे. तुमची बोटं पाठ्यपुस्तकात दाखवतात तशी बसत असतील तर सोय, वेगळी बसत असतील तर हीच पकड दर ओळीला टोचेल. अशांनी गोल पकड घ्यावी. हाताला घाम येत असेल तर चकचकीत क्रोमची पकड टाळा. ती सटकते, आणि बुडवून भरताना सतत शाईत गेल्याने काही वर्षांनी मुलामा सुटायला लागतो. डावखुऱ्यांनी बारीक निब आणि लवकर सुकणारी शाई घ्यावी. लामीकडे डावखुऱ्यांसाठी वेगळी निबही आहे.

शाई भरण्याची सोय

कार्ट्रिज म्हणजे तयार शाईची नळी. टोचली की सुरू. आंतरराष्ट्रीय मापाच्या छोट्या कार्ट्रिजमध्ये पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई असते. अनेक कंपन्यांच्या पेनांत ती बसते, पण पायलट, प्लॅटिनम, लामी यांची स्वतःची वेगळी मापं आहेत आणि ती एकमेकांत बसत नाहीत. पायलटच्या मेट्रोपॉलिटनमध्ये तर गंमत आहे: तेच पेन युरोपात एमआर नावाने विकलं जातं आणि त्यात आंतरराष्ट्रीय मापाची कार्ट्रिज लागते, इतरत्र पायलटची स्वतःची. वरून दोन्ही सारखीच दिसतात. ऑनलाइन मागवताना हे विचारून घ्या.

कन्व्हर्टर म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारी, फिरवून किंवा दाबून बाटलीतली शाई ओढणारी नळी. पहिल्या पेनासाठी मी हीच व्यवस्था सुचवेन. रोज बाटलीतून भरा, प्रवासात कार्ट्रिज लावा, आणि पेन धुताना कन्व्हर्टरचाच पिचकारीसारखा उपयोग करा. 50 मिलिलिटरची बाटली छोट्या कार्ट्रिजच्या हिशेबाने साठेक वेळा पुरते. काटकसर करायची असेल तर ती पेनाच्या किमतीत कमी आणि बाटलीत जास्त होते. मात्र कन्व्हर्टर पेनासोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो, ते आधी पाहा. सफारीसोबत तो बहुधा नसतो.

पिस्टनच्या, म्हणजे मागची घुंडी फिरवून शाई ओढणाऱ्या पेनात दांडाच टाकी असतो. शाई भरपूर मावते, पण धुवायला वेळ लागतो. ड्रॉपरने थेट दांड्यात शाई भरायची जुनी रीत सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त शाई मावणारी. तिचा दोष एकच: टाकी एक तृतीयांशाच्या खाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबमधून थेंब टपकतो. कागदपत्रांवर सह्या करणाऱ्याने पहिलं पेन असं घेऊ नये.

कोणाला कोणतं

प्लॅटिनम प्रेपी हे चाचणीचं पेन. फाउंटन पेन आपल्याला जमेल का, एवढंच बघायचं असेल तर यापुढे जाऊ नका. निब बारीक, टोपण उत्तम, दांडा मात्र साधा. आवडलं तर हीच निब प्लॅटिनमच्याच ॲल्युमिनियमच्या प्लेझिरमध्ये बसते.

पायलट काकुनो मुलांसाठी म्हणून 2013 मध्ये आलं आणि निबवर हसरा चेहरा कोरलेला असल्याने ऑफिसात काढायला काहींना संकोच वाटतो. संकोच बाजूला ठेवलात तर मराठी बारीक लिहिणाऱ्यासाठी याहून बरं पहिलं पेन मला दिसत नाही. हलकं आहे, आणि निब मेट्रोपॉलिटनच्याच जातीची. क्लिप मात्र नाही, त्यामुळे खिशात लावता येत नाही. खिशाला लावायचं असेल, धातूचं हवं असेल, तर मेट्रोपॉलिटन. ते पितळी, 26 ग्रॅमच्या आसपास. त्याच्या पकडीच्या वर दांड्याची एक पायरी आहे, ती बोटाला लागते का ते बघून घ्या.

लामी सफारी 1980 पासून बाजारात आहे आणि तिचे सुटे भाग मिळणं ही तिची सर्वांत मोठी बाजू. दांड्याला शाई दिसायची खिडकी आहे, क्लिप मोठी तारेची, जाड खिशालाही बसणारी. निब युरोपीय मापाची, म्हणून मराठीसाठी ईएफ किंवा फार तर एफ. हिच्या नकला फार आहेत, खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

दिवसाला बरीच पानं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ट्विस्बी इको बघावं. पिस्टनचं आहे, दीड मिलिलिटरहून जास्त शाई घेतं, आणि ते उघडायचा पाना व सिलिकॉन ग्रीस डब्यातच येतं. कावेको स्पोर्ट खिशात मावणारं छोटं पेन आहे. टोपण मागे लावल्याशिवाय नीट लिहिता येत नाही, कन्व्हर्टर बसतो तोही अगदी चिमुकला. दुसरं पेन म्हणून छान.

शाई आणि कागद

पहिले सहा महिने साधी, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची निळी किंवा काळी शाई वापरा, ती फाउंटन पेनसाठीच आहे असं बाटलीवर लिहिलेलं बघून. इंडियन इंक, ड्रॉइंग इंक, ॲक्रिलिक शाई चुकूनही भरू नका. त्यांत लाख किंवा चिकट राळ असते, ती जिभेच्या नळीत वाळली की पेन बहुतेक कायमचं गेलं. चमकीच्या शाईचे कण तळाशी बसतात. न पुसणारी पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई आणि लोहयुक्त आयर्न गॉल शाई कागदपत्रांसाठी उत्तम, पण ज्याला पेन नियमित धुवायची सवय लागली आहे त्यानेच वापरावी.

कागदावर शाई फुटते, कडा केसाळ दिसतात, तेव्हा पहिला दोष पेनाला दिला जातो. बहुतेक वेळा दोष कागदाचा असतो. जाड कागद घेतला की झालं असंही नाही. तोमोए रिव्हर हा जपानी कागद अवघा 52 जीएसएमचा (चौरस मीटरला 52 ग्रॅम) असूनही शाई फुटू देत नाही, कारण त्यावरची प्रक्रिया तशी आहे. कार्यालयातल्या झेरॉक्सच्या कागदावरच लिहायचं असेल तर निब बारीक ठेवा आणि शाई जरा कोरडी, म्हणजे कमी वाहणारी निवडा.

पहिला दिवस

नव्या पेनात कारखान्यातला तेलकटपणा राहिलेला असू शकतो. म्हणून शाई भरण्यापूर्वी:

1. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. निब बुडवून कन्व्हर्टरने पाणी चार-पाच वेळा आत-बाहेर करा.
2. साध्या पाण्याने तेच पुन्हा करा, फेस जाईपर्यंत. गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही वापरू नका, प्लॅस्टिक वाकतं किंवा तडकतं.
3. निब खाली करून कापडावर तासभर ठेवा. मग शाईत निब पूर्ण बुडवून भरा, दोन थेंब परत बाटलीत सोडा, आणि निब पुसा.

कार्ट्रिज लावली असेल तर शाई निबपर्यंत यायला थोडा वेळ लागतो. पेन निब खाली करून दहा मिनिटं उभं ठेवा. झटकू नका, भिंतीवर शिंतोडे उडतील.

पुढे महिन्या-दीड महिन्यातून एकदा, आणि शाईचा रंग बदलताना प्रत्येक वेळी, साध्या पाण्याने धुवा. पंधरा दिवसांहून जास्त वापरणार नसाल तर रिकामं करून, धुऊन ठेवा. विमानात न्यायचं असेल तर पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या, निब वर करून. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा दाब उतरल्यावर फुगते आणि शाई बाहेर ढकलते.

अडलं तर

मध्येच कोरडं पडायला लागलं तर आधी धुवा, मग शाई बदला, मग कागद बदला, याच क्रमाने. तिन्ही करूनही रेघ तुटत असेल तरच निबकडे बघा. खरखर होत असेल तर पाकळ्या भिंगाखाली तपासा. वर आलेली पाकळी नखाने हलकेच खाली दाबून सोडायची, एकदा, मग परत बघायचं. सँडपेपरवर निब घासायचे व्हिडिओ बरेच सापडतील. ते जुन्या, टाकाऊ पेनावर शिकायचं काम आहे, टोपकं एकदा घासलं गेलं की परत येत नाही.

पेन निबवर पडलं आणि पाकळी वाकली तर पक्कड लावू नका. सफारीची निब पारदर्शक चिकटपट्टी लावून सरळ ओढली की निघते आणि नवी सरकवली की बसते. प्रेपीचा निब-जिभेचा अख्खा भाग ओढून बदलता येतो. ज्या पेनाची निब वेगळी मिळत नाही, त्याचं नवीनच घ्यावं लागतं, म्हणून सुटी निब मिळते का हा प्रश्न पेन घेण्याआधी विक्रेत्याला विचारून ठेवा.